आजींचा चौथा हिस्सा

"यजमान गेले तेव्हा तुमच्या सासूबाई होत्या?" वकीलबाईंनी काकूंना विचारलं.

"नाही हो, त्या सांगलीला होत्या. नणंदेकडे."

"तसं नाही. हयात होत्या का?"

"हयात म्हणजे... हो, होत्या की. त्या गेल्या पाच वर्षांनी."

वकीलबाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि आमच्या दोघांकडे बघितलं. तोवर आम्ही एक्कावन्न हजारांचा टोकनचा चेक देऊन बसलो होतो. घरी पडद्यांच्या रंगावरून एक भांडणही होऊन गेलं होतं.

ही गोष्ट २०२३ च्या जूनमधली. पुण्यात कर्वेनगरला, दुसऱ्या मजल्यावरचा, १९९४ सालच्या इमारतीतला दोन बेडरूमचा फ्लॅट. लिफ्ट नाही, पण खिडकीत आंब्याचं झाड. किंमत बहात्तर लाख. विकणाऱ्या काकू अडुसष्टच्या. मुलगा हिंजवडीला नोकरीत, मुलगी बंगळुरूला. एजंट पहिल्या दिवसापासून एकच वाक्य म्हणत होता, "पेपर एकदम क्लिअर आहेत, ताई." आम्हीही नळाला पाणी किती वेळ येतं, पार्किंग कुठलं, वरच्या मजल्यावरून गळती आहे का, हे सगळं खोदखोदून विचारलं. कागदांचं म्हणाल तर सोसायटीचा भागदाखला, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, बघितला. पुढे काकूंच्या यजमानांचं नाव, मागच्या बाजूला २०१२ साली सोसायटीने घातलेलं काकूंचं नाव, सही, शिक्का. आम्हाला वाटलं, झालं की. मालक कोण ते लिहिलेलंच आहे.

इथेच आमची पहिली चूक. भागदाखला सांगतो की सोसायटीचा सभासद कोण. फ्लॅट मालकीचा कुणाचा, हे तो शेवटपर्यंत सांगत नाही. यजमान २०११ मध्ये गेले, काकू नॉमिनी होत्या, म्हणून सोसायटीने दाखल्यावर त्यांचं नाव चढवलं. सोसायटीचं काही चुकलं नाही. पण नॉमिनी म्हणजे वारसांच्या वतीने सांभाळणारा माणूस. मृत्युपत्र नसेल तर मालकी वारसांकडे जाते आणि हिंदू उत्तराधिकार कायद्यात गेलेल्या पुरुषाच्या पहिल्या वर्गातल्या वारसांत बायको आणि मुलांबरोबर त्याची आईही असते. वडील नाहीत, पण आई असते. हे मला चव्वेचाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त बँक मॅनेजरलाही ठाऊक नव्हतं.

वकीलबाईंनी एका कोऱ्या कागदावर हिशेब मांडला. काकू, मुलगा, मुलगी आणि आजी, प्रत्येकी चौथा हिस्सा. आजी २०१६ मध्ये गेल्या, त्यांचंही मृत्युपत्र नाही. मग त्यांच्या चौथ्या हिश्शाचे तीन भाग: एक वाईला असणाऱ्या धाकट्या मुलाचा, एक सांगलीच्या मुलीचा आणि एक आधीच गेलेल्या थोरल्या मुलाच्या लेकरांचा. सुनेला त्यात काही नाही. म्हणजे वाईचे काका आणि सांगलीच्या आत्या, दोघंही बाराव्या हिश्शाचे मालक. बहात्तर लाखांचा बारावा हिस्सा सहा लाख. कागदावर सहाचा आकडा उमटला आणि खोलीत कुणी बोलेना. काकूंच्या मुलाने हळूच विचारलं, "आणि त्यांना न विचारता विकलं तर?"

"तर हे दोघं घराबरोबर एक दावाही विकत घेतील," वकीलबाई म्हणाल्या.

एजंट त्या दिवशी आला नव्हता. नंतर फोनवर म्हणाला, "एवढं कोण बघतं, ताई? नॉमिनेशनवर धडाधड व्यवहार होतात." होत असतील. त्याची दलाली व्यवहार झाला की मिळते, दावा दहा वर्षांनी लागतो.

इथे शोध अहवालाबद्दल सांगायला हवं, कारण लोक मला तेच सगळ्यात जास्त विचारतात. "सर्च घेतला का?" घेतला, तीस वर्षांचा. वकीलबाईंच्या माणसाने शोध शुल्क भरून नोंदणी कार्यालयातल्या सूच्या पाहिल्या आणि दोनच दस्त सापडले: बिल्डरने १९९४ मध्ये पहिल्या मालकाला केलेला करारनामा आणि त्या मालकाकडून २००१ मध्ये यजमानांनी केलेली खरेदी. बोजा नाही, दावा नाही, साखळी सरळ. म्हणजे शोध अहवाल स्वच्छ होता! कारण नोंदणीच्या सूचीत नोंदवलेले दस्त दिसतात. माणूस मरतो, त्याची आई सांगलीला एका खोलीत जिवंत असते, याचा दस्त कुणी नोंदवत नाही. ते विचारावंच लागतं. इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताचा गोषवारा, तर आता नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतो आणि आम्ही तो टोकन देण्याआधी बघितलाही होता. दाखल्यावर काकू आणि इंडेक्स टूवर यजमान, हा फरक डोळ्यांसमोर असून खटकला नाही.

पुढचे तीन महिने आम्ही कमी आणि काकू जास्त धावल्या.

वाईला मात्र मीही गेले, कारण काकूंना एकटीने जायचा धीर होईना. दीर-भावजयीत बारा वर्षं येणं-जाणं नव्हतं. काका पंचाहत्तरीचे. हळदीच्या व्यापारात आयुष्य गेलेलं, पाठ अजून ताठ. चहा झाला, पावसाचं झालं, मग काकूंनी विषय काढला तो इतक्या आडवळणाने की काकांना वाटलं पैसे उसने हवेत. शेवटी मीच हक्कसोडपत्राचा मसुदा पुढे केला. त्यांनी भिंग आणवलं आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. पाऊण तास. मध्येच थांबून म्हणाले, "आईचा हिस्सा होता त्यात?"

"होता," मी म्हटलं.

"तिला माहीत नव्हतं."

मग पुन्हा वाचायला लागले. मसुद्यात आजी 'पुणे येथे' मयत झाल्या असं पडलं होतं. त्यावर त्यांनी पेन्सिलीने काट मारली, 'सांगली' लिहिलं आणि म्हणाले, "हे दुरुस्त करून आणा. मग सही करतो. पैसे नकोत मला. दादाच्या घराचे कसले पैसे घ्यायचे!" काकू तिथे रडल्या. मी गाडीत बसेपर्यंत थांबले.

मोबदला न घेता जवळच्या नात्यात केलेल्या हक्कसोडपत्राला मुद्रांक अगदी किरकोळ लागतो, पण ते नोंदवावं लागतंच. घरी साध्या कागदावर 'माझी काही हरकत नाही' असं लिहून सही केली तर त्याने हिस्सा सुटत नाही. दुसरं, फ्लॅट पुण्यात म्हणजे दस्त तेव्हा पुण्यातच नोंदवावा लागत होता. काकांना त्यासाठी वाईहून यावं लागलं आणि ते एसटीने आले, आम्ही गाडी पाठवतो म्हटलं तरी.

आत्यांचं वेगळं. त्यांना पैसे हवे होते आणि हवेत असं त्यांनी सरळ सांगितलं. काकूंना ते लागलं. मला लागायचं कारण नव्हतं, पण मनात म्हटलं, ज्या बाईने आईला शेवटची पाच वर्षं सांभाळलं तिने आईचा हिस्सा मागितला तर त्यात वावगं काय? वकीलबाईंनी मार्ग काढला. आत्यांनी हक्क सोडायचाच नाही. त्या आमच्या दस्तात विकणाऱ्या म्हणूनच येतील आणि त्यांचा चेक त्यांच्याच नावाने निघेल. पण वय एक्याऐंशी, गुडघे गेलेले. पुण्याला येणं शक्य नाही. म्हणून त्यांनी काकांच्या नावे कुलमुखत्यारपत्र केलं. आजारी किंवा थकलेल्या माणसासाठी निबंधक घरी येऊन नोंदणी करतात, त्याला गृहभेट म्हणतात. अर्ज करून शुल्क भरलं की होतं. सांगलीत तसं झालं. मग दस्ताच्या वेळी काकांना आत्या हयात आहेत आणि मुखत्यारपत्र रद्द झालेलं नाही असं घोषणापत्र द्यावं लागलं.

या सगळ्यात १५ दिवसांची जाहीर नोटीसही दिली, एक पुण्याच्या दैनिकात, एक सांगलीच्या. हरकत आली नाही. एका प्लॉटवाल्याचा फोन तेवढा आला, तुम्हाला जमीन घ्यायचीय का विचारायला.

आता सोसायटी. सोसायटीची एनओसी लागते का, हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी येतो. सोसायट्यांसाठीचे आदर्श उपविधी, म्हणजे नमुना नियम, बघितले तर फ्लॅट विकायला सोसायटीची परवानगी सक्तीची नाही. पण आमच्या बँकेला ती हवीच होती, त्यामुळे कायदा काय म्हणतो हे सचिवांना समजावण्यात अर्थ नव्हता. त्यांनी एनओसी द्यायची तयारी दाखवली आणि हस्तांतरणासाठी पन्नास हजार 'विकास निधी' मागितला. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही, शासनाचं तसं परिपत्रक २००१ पासून आहे. मी त्याची प्रत काढून नेली. सचिव चष्मा वर करून म्हणाले, "बरं, मग पंचवीसच द्या." वाद नाही, राग नाही. मागून बघायचं असतं, एवढंच.

पण त्यांच्याच कपाटातल्या फायलीतून दुसरी गोष्ट निघाली. इमारत १९९४ ची, सोसायटी १९९७ ला नोंदवलेली आणि जमीन अजून मूळ मालकाच्या आणि बिल्डरच्या नावावर. (कर्वेनगर हे नाव कागदावर सापडत नाही. तिथे ते 'मौजे हिंगणे बुद्रुक' आहे. मी आधी वेगळ्याच पानावर शोधत बसले होते.) फ्लॅट मालकीबाबतचा महाराष्ट्राचा कायदा १९६३ चा. करारात दुसरी मुदत ठरलेली नसेल तर सोसायटी स्थापन झाल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत तिच्या नावे करून द्यायची, असा नियम आहे. त्याला अभिहस्तांतरण म्हणतात. सगळे 'कन्व्हेअन्स' म्हणतात. मी घाबरून वकीलबाईंना फोन केला, "म्हणजे आपण हवेत घर घेतोय का?"

त्या हसल्या. पुण्या-मुंबईत अशा इमारती ढिगाने आहेत, म्हणाल्या. फ्लॅटवरचा तुमचा हक्क करारनाम्याने आणि सोसायटीच्या भागांनी येतो. तो कुठे जात नाही. अडतं ते पुढे, पुनर्विकासाच्या वेळी. जमीन सोसायटीच्या नावे नसेल तर जास्तीचा एफएसआय, म्हणजे वाढीव बांधकामाचा हक्क, कुणाचा इथून भांडण सुरू होतं. बिल्डर सही देत नसेल किंवा सापडतच नसेल, तर २००८ च्या दुरुस्तीनंतर मानीव अभिहस्तांतरणाची सोय आहे. सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे सोसायटीने अर्ज करायचा, ते बिल्डर आणि जमीनमालकाला नोटीस काढून सुनावणी घेतात आणि प्रमाणपत्र देतात. मग मुद्रांक, मग एकतर्फी दस्ताची नोंदणी. "विकत घेऊ नका असं मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या, "पण हे धरून भाव करा." भाव आमचा ठरून गेला होता. पण निदान कळलं. रेराचं, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या कायद्याचं, विचाराल तर या जुन्या, पूर्ण झालेल्या इमारतीच्या पुनर्विक्रीत त्याचा काही संबंध आला नाही.

पैशांचं पटकन सांगते. पुणे महापालिका हद्दीत आम्हाला मुद्रांक शुल्क सात टक्के बसलं, त्यात मेट्रोचा एक टक्का धरून. पाच लाख चार हजार. नोंदणी शुल्क तीस हजार, त्याच्या वर जात नाही. शुल्क करारातल्या किमतीवर की रेडी रेकनरवर, म्हणजे सरकारी दरपत्रकातल्या किमतीवर? दोन्हींत जे जास्त असेल त्यावर. आमच्या इमारतीला वयाचा घसारा मिळून सरकारी किंमत कमी आली होती, म्हणून करारातलीच धरली. घर एकट्या बाईच्या किंवा फक्त बायकांच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत आहे. म्हणजे आमचे बहात्तर हजार वाचले असते. नवऱ्याचं नाव लावलं की ती जाते, अर्ध्यापुरतीही मिळत नाही. आम्ही दोन रात्री हिशेब केला. नवरा नुसता सहकर्जदार राहिला तर हप्ते भरूनही व्याजाची वजावट त्याला मिळणार नव्हती, कारण त्यासाठी घरात मालकी लागते. शेवटी दोघांची नावं घातली. माझ्या बहिणीने उलट केलं. तिचंही बरोबरच आहे.

आणि टीडीएस. किंमत पन्नास लाख किंवा वर असेल तर घेणाऱ्याने एक टक्का कापून सरकारला भरायचा. ते काम विकणाऱ्याचं नाही, बँकेचं नाही, आपलं. आणि फॉर्म प्रत्येक घेणारा आणि प्रत्येक विकणारा अशा जोडीला एक भरावा लागला. आम्ही दोघं, ते चौघं (काकू काकांचा सोडलेला हिस्सा धरून चोवीस लाखांच्या, मुलगा-मुलगी एकवीस-एकवीस, आत्या सहा), म्हणजे आठ फॉर्म! आत्यांच्या नावचे तीन-तीन हजारांचे दोन. त्यातच कळलं की काकूंचं पॅन आधारशी जोडलेलं नाही आणि ती मुदत नेमकी ३० जूनला संपून पॅन निष्क्रिय झालं होतं. तशा पॅनवर एक टक्क्याऐवजी वीस टक्के कापावे लागतात. चोवीस लाखांवर वीस टक्के म्हणजे चार लाख ऐंशी हजार. काकूंनी हजार रुपये दंड भरला, अर्ज केला आणि पॅन पुन्हा चालू होईपर्यंत तीन आठवडे सगळं थांबलं. आत्यांना ती अटच नव्हती, ऐंशीच्या वरच्यांना सूट आहे. त्या फोनवर खूश झाल्या. "म्हातारपणाचा एवढा तरी उपयोग," म्हणाल्या.

साठेखत, म्हणजे पुढे विकण्याचा करार, करायचं की थेट खरेदीखत, यावर प्रत्येकाचं मत वेगळं. आमचं कर्ज असल्याने आधी साठेखत नोंदवलं, पूर्ण मुद्रांक त्यावरच भरला, बँकेने पैसे सोडले, ताबा मिळाला आणि मग खरेदीखत केलं. त्याला मुद्रांक पुन्हा भरावा लागला नाही, नाममात्र शंभराचा लागला. (नंतर ते शंभराचे पाचशे झाले.) बरेच लोक साठेखतावर थांबतात आणि 'झालं घर' म्हणतात. वकीलबाई म्हणाल्या, "कायद्याने मालकी जाते ती खरेदीखताने. एवढं केलंत, आता शेवटच्या कागदाचा कंटाळा करू नका."

साठेखताचा दिवस सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला. दुय्यम निबंधक कार्यालयात सकाळी साडेदहाचं टोकन. दस्ताची माहिती आधीच ऑनलाइन भरलेली, चलन भरलेलं, सेहेचाळीस पानं, पानाला वीस रुपये हाताळणी शुल्क. बाराला सर्व्हर गेला. अडीचपर्यंत आम्ही, काकू, त्यांचा मुलगा, सकाळच्या विमानाने आलेली मुलगी, काका आणि ओळख पटवणारे दोन साक्षीदार असे आठ जण जिन्याखालच्या बाकड्यावर आळीपाळीने बसलो. काकूंनी डबे आणले होते. साबुदाण्याची खिचडी काकांनी आधी नको म्हटली आणि मग दोनदा घेतली.

सर्व्हर आल्यावर सगळं वीस मिनिटांत. फोटो, अंगठा, सही, पुढचा. काकांचा अंगठा मशीन घेईना. रेषा झिजलेल्या. ऑपरेटरने ओलं फडकं दिलं, मग कोरडं, मग तर्जनी घेऊन पाहिली, पुन्हा अंगठा. पाचव्यांदा दिवा हिरवा झाला. मुखत्यार म्हणून, बहिणीसाठी. बाकीच्यांचं होईपर्यंत काका दस्ताची प्रत चाळत होते. चौथ्या पानावर थांबले, भिंग नव्हतं म्हणून कागद लांब धरला आणि मला म्हणाले, "वाच बरं इथून." मी वाचलं. आजींचं पूर्ण नाव, त्या अमुक तारखेला सांगली येथे मयत झाल्या, त्यांच्या पश्चात वारस म्हणून... त्यांनी हात केला, पुरे. निबंधकांनी विचारलं, "मजकूर मान्य आहे ना?" काका म्हणाले, "आता आहे."

नोव्हेंबरात खरेदीखत झालं. नंतरची कामं वेळखाऊ पण सोपी: महावितरणचं बिल, महापालिकेचा मिळकत कर, सोसायटीच्या समितीच्या सभेत भागदाखल्यावर नाव. दाखल्याच्या मागच्या बाजूला आता काकूंच्या नावाखाली आमची दोघांची नावं आहेत. आजींचं नाव तिथे नाही, कधी येणारही नव्हतं.

एवढी कागदपत्रं हाताळल्यामुळे माझी सोसायटीत नको इतकी ख्याती झाली. पहिल्याच वार्षिक सभेत मानीव अभिहस्तांतरणाच्या उपसमितीवर माझं नाव घातलं, मी चहा आणायला गेले होते तेव्हा. चोवीस फ्लॅट आहेत. प्रत्येकाचा करारनामा आणि इंडेक्स टू लागणार, मंजूर नकाशा लागणार, भोगवटा पत्र लागणार. एकोणीस जणांचे आलेत. दोघं परदेशात आहेत, एकाचं कपाट वाळवीने खाल्लंय, त्याला नोंदणी कार्यालयातून प्रमाणित प्रत काढायला सांगितलंय. एक फ्लॅट सात वर्षं बंद आहे. आणि एकवीस नंबरच्या आजोबांचं म्हणणं असं की मूळ कागद कुणाच्याही हातात द्यायचे नाहीत, झेरॉक्स हवी तर दुकानात ते स्वतः बरोबर येणार. रविवारी सकाळी टाकी धुवायची आहे, ती झाली की त्यांना घेऊन जायचंय.